खालच्या बिजागरीची पिन

वरच्या बिजागरीची पिन अर्ध्या तासात निघाली, तिथंच आमचं चुकलं. ती अडली असती तर दरवाजा दोरीनं बांधून मी जीप तशीच काढली असती. पण ती निघाली आणि खालची निघेना. शुक्रवारी दुपारपासून जीपचा डावा दरवाजा एका बिजागरीवर लटकत होता. त्याच्याखाली तीन विटा आणि विटांवर घडी घातलेलं पोतं होतं. दरवाजा बसवता येत नव्हता, काढता येत नव्हता, आणि तसाच ठेवून जीप हलवता येत नव्हती.

मंगळवारी हिवरा आश्रमात महाप्रसाद होता, पुरी आणि वांग्याची भाजी. माझे वडील, उकंडराव, दरवर्षी त्या भाजीसाठी मळ्यातली दहा-बारा कॅरेट वांगी घेऊन जायचे. आदल्या दिवशी सकाळी, याच जीपनं. देऊळघाटहून चिखलीमार्गे दोन तास, वाटेत जीप रुसली तर तीन. शेजारच्या सीटवर, म्हणजे या डाव्या दरवाज्याशी, माय बसायची.

बाबा दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेले. तेव्हापासून माय पुढच्या अंगणात उतरली नव्हती. मागच्या दारानं न्हाणीघरापर्यंत जायची आणि परत येऊन आतल्या खोलीत बसायची. कोणी भेटायला आलं तर बोलायची, वाढलं तर जेवायची. डॉक्टर म्हणाले, तब्येतीचं काही नाही, वेळ लागेल. मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. रजा वाढवत वाढवत बुधवारपर्यंत आणली होती, त्यापुढं ती वाढणार नव्हती. मागच्या आठवड्यात मी विचारलं, यंदा वांग्यांचं काय करायचं. माय भिंतीकडे बघत म्हणाली, "गेले पाहिजेत. गाडीतच गेले पाहिजेत." आणि थोड्या वेळानं, "मी येईन संग."

अडीच महिन्यांत तिनं स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. म्हणून हा खटाटोप.

जीप बॅटरी बदलल्यावर सुरू झाली. दरवाजा मात्र लावताना खाली बसायचा, कारण वरच्या बिजागरीच्या पानाला चीर गेली होती. दरवाजा उतरवायचा, पानाला वेल्डिंग करायचं, पुन्हा चढवायचा. गावातले दयाराम मिस्त्री ट्रॅक्टर आणि मोटारपंप दुरुस्त करतात. त्यांनी दरवाजा दोनदा उघडझाप करून पाहिला.

"दोन घंट्याचं काम हाय, बाई. चा ठेव."

बिजागरीला ते कब्जा म्हणतात. कब्ज्याची पिन वरून घातलेली असते, तिचं डोकं वर असतं, म्हणून काढताना खालून ठोकायचं. बोटाएवढी पोलादी सळी, जिला ते सुंबा म्हणतात, ती पिनच्या बुडाला लावायची आणि तिच्यावर हातोडा मारायचा. वरच्या कब्ज्याची पिन तशीच निघाली. दयारामकाकांनी ती तळहातावर घेऊन मला दाखवली, जसा डॉक्टर काढलेला दात दाखवतो.

मग खालच्या कब्ज्याला सुंबा लावला. दहा घाव झाले. पंचवीस झाले. काकांनी हातोडा बदलला. संध्याकाळी दिसेनासं झाल्यावर ते म्हणाले, "गंजली हाय. डिझेल पाजून ठेव रातभर. सकाळी आपोआप वर येते."

मी चिंधी डिझेलमध्ये भिजवून बिजागरीला गुंडाळली. सकाळी चिंधी कोरडी होती आणि पिन तिथंच होती.

बिजागरी म्हणावी असं काही तिथं दिसतच नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी बाबांनी ही जीप सरकारी लिलावातून आणली तेव्हाच ती जुनी होती. दर दसऱ्याला पूजेआधी ते तिला स्वतः ब्रशनं ऑइलपेंट लावायचे. रंग कोणता, हे घरात कोणता डबा उरलाय त्यावर ठरायचं. बत्तीस दसऱ्यांचे थर चढून खालच्या बिजागरीचा एक हिरवा गोळा झाला होता. वर एक फुगवटा, खाली एक फुगवटा, मध्ये जोडाची पुसट रेघ. शनिवारी सकाळी मी भाजी चिरायच्या सुरीनं ती रेघ खरवडत बसले. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली मळकट पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा. निळा माझ्या लग्नाच्या वर्षाचा. आमची खिडकी-दारं त्या वर्षी निळी केली होती.

"दोन्ही टोकं खरवडून पाहू का?" मी विचारलं.

"कायले? वर डोकं हाय, खाली बूड हाय. डोकं खरवडून काय त्याची हजामत कराची हाय?"

मी ऐकलं. ते चाळीस वर्षं लोखंड ठोकत आले होते आणि मी पुस्तकांना क्रमांक देत आले होते.

शनिवारचा दिवस असा गेला: ब्रेक ऑइल, थांबणं, ठोकणं. बुलढाण्याहून आणलेला गंज सोडवायचा फवारा, थांबणं, ठोकणं. मग काकांनी बिजागरीला आग दिली. रंगाला फोड आले, तो जळून काळा पडला, त्याचा वास अंगणभर आणि घरभर झाला. मी आत जाऊन मायला विचारलं, धुराचा त्रास होतोय का. ती म्हणाली, "नाही." तिचा हात मांडीवर पालथा पडला होता. बाहेर पुन्हा ठोकणं सुरू झालं तेव्हा त्याची बोटं किंचित आखडली. मी खिडकी लावून घेतली.

दुपारी मी फोनवर व्हिडिओ पाहिले. एका परदेशी माणसाच्या अशाच जुन्या गाडीची अशीच पिन अडली होती. सात मिनिटांच्या व्हिडिओत ती सहाव्या मिनिटाला निघाली. काकांनी तो माझ्या खांद्यावरून पाहिला.

"त्याचे हातमोजे पाह्य. पांढरे हायेत. हे पिन त्यानं आधीच काढून पुन्हा बसोली."

"कशावरून?"

"काम करनाऱ्याचे मोजे पांढरे राह्यतात का कोठी?" बोलता बोलता त्यांचा हातोडा सुंब्यावरून घसरला आणि अंगठ्यावर बसला. ते अंगठा तोंडात घालून जीपभोवती एक फेरी मारून आले आणि परत बसले.

"काल म्हणत होतात, दोन तासांचं काम," मी म्हणाले.

"काल मले कुठी माहीत होतं तुह्या बापानं काय करून ठेवलं ते. बत्तीस साल त्यानं मले या गाडीले हात लावू देल्ला नाही. मी येवो, चा पीवो, हा खाली झोपून नट आवळे. म्हनो, उकंड्या, मी मिस्त्री हावो. तर म्हने, तू ट्रॅक्टरचा डॉक्टर, हे माही घरची हाय."

हे खरंच होतं. बाबा सगळं स्वतः करायचे आणि कोणाला काही सांगायचे नाहीत. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर ठरावीक पद्धतीनं दाबल्याशिवाय चालत नाही, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. कपाटाची चावी उलटी लावावी लागते. घरात एकाही वस्तूचा कागद नाही, कुठं काही लिहून ठेवलेलं नाही. मी जन्मभर अशा वस्तूंमध्ये काम केलं ज्यांच्या पाठीवर त्या काय आहेत ते लिहिलेलं असतं. या अडीच महिन्यांत मला बाबांची आठवण जितकी आली तितकाच त्यांचा राग आला, आणि शनिवारी संध्याकाळी तो सगळा त्या जळक्या गोळ्याशी येऊन थांबला होता. काका घरी गेल्यावर मी एकटीनं चाळीस घाव घातले. तळव्याला दोन फोड आले. पिन तसूभरही हलली नाही, उलट मला वाटलं ती आणखी घट्ट बसली आहे. थकल्यावर माणसाला असं वाटतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी पुण्याहून माझ्या धाकट्या भावाचा, हरिओमचा, व्हिडिओ कॉल आला. मी फोन दरवाज्यासमोर धरला.

"ताई, पिकअप सांग ना भाड्यानं. वांगी पोचण्याशी मतलब."

"माय गाडीनं जायचं म्हणते."

"पिकअप गाडी नाहीये का?"

"हरी, तिनं अडीच महिन्यांत एक गोष्ट मागितली आहे."

"बरं. मग थोडं जोरात ठोका."

मी म्हणाले, "ठोकतो." आणि फोन ठेवला. दयारामकाका खाली बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पुन्याहून आवाज आला म्हंजे पिन घाबरली असन. पाहू." आणि त्यांनी खरोखर जोरात ठोकलं. तेव्हा सुंब्याचं टोक वाकलं.

अकरा वाजले होते. काका विटेवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आता ते विनोद करत नव्हते.

"गॅस कटर आनतो, बाई. पाच मिनिटात कापून मोकळं करतो."

"फक्त पिन कापता येईल?"

"पिन आत हाय. कब्जा जाईन. तो गाडीच्या खांबाले वेल्डिंग हाय, त खांबाचा पत्राबी जाईन थोडा. मंग खांब बनवा लागन."

"उद्या सकाळपर्यंत?"

"उद्या कायचं. चार-पाच दिस धर."

म्हणजे बुधवारनंतर. मी दरवाज्याकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं. त्या क्षणी वांगी, हिवरा, माय, कशाचाच विचार माझ्या डोक्यात नव्हता. मला फक्त ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून नाहीशी व्हायला हवी होती.

"आणा," मी म्हणाले. "कापून टाका. खांबासकट जाऊ द्या." मी ते मोठ्यानं म्हणाले. एरवी मी मोठ्यानं बोलत नाही.

काका उठून टोपी घालत होते, तेवढ्यात ते माझ्या मागं बघून थांबले. माय ओसरीच्या पायऱ्या उतरत होती. पायात काही नव्हतं. उन्हाची सवय मोडल्यासारखा एक हात डोळ्यांवर धरून ती अंगणात आली आणि जीपपाशी उभी राहिली.

"कोनत्या बाजूनं ठोकून राह्यले तुमी?"

"खालून," मी म्हणाले.

"तिचं डोकं खाली हाय."

दयारामकाका हसले. "वहिनी, पिन वरून टाकतात. साऱ्या दुनियेत वरून टाकतात. वरच्या कब्ज्याचीबी वरूनच होती, आमी काढली ना."

"वरची वरून हाय. हे ह्यायनं खालून टाकली."

माय खाली बसली, विटांच्या बाजूला, आणि जळून काळ्या पडलेल्या फुगवट्यावर नख फिरवत सांगू लागली. एकदा बीबी गावाहून येताना या बिजागरीची पिन रस्त्याच्या हादऱ्यांनी वर उडून पडली आणि दरवाजा तिच्या मांडीवर आला. बाबांनी दुसरी घातली. महिनाभरात तीही पडली. मग त्यांनी एक जाड बोल्ट आणला, तो खालून वर घातला आणि वर निघालेलं टोक ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरवलं, म्हणजे तो ना वर उडणार, ना खाली पडणार.

"खालूनच का पण?" मी विचारलं.

"ठोकाले जागा वर हाय. खाली हात फिरते का? हे वरून ठोके, आनि मी खालून घन लावून धरे, बोल्ट मांगं सरकू नाही म्हून. माहे हात तीन दिस झिनझिन करत होते. मंग बोल्टाचं डोकं माह्या लुगड्यात अटके, त तेबी कानशीनं घासून गोल केलं." ती थांबली. "म्हने, आता मी मेलो तरी निघत नाही हे."

काकांनी हातोडा जमिनीवर ठेवला.

"शब्दाचा पक्का निघाला," ते म्हणाले.

मी मनात हिशेब लावत होते. आम्ही तीन दिवस बोल्टच्या डोक्यावर घाव घालत होतो. प्रत्येक घावानं ते डोकं बिजागरीवर आणखी दाबून बसत होतं. काल संध्याकाळी मला वाटलं होतं ते थकव्यामुळे नव्हतं.

"माय, तुला आत ठोकल्याचा आवाज येत होता?"

"हाव."

"खालून ठोकतोय हे कळत होतं?"

"खालून ठोकलं का बद्द वाजते."

"मग सांगितलं काऊन नाही?"

ती नखानं कडेच्या न जळलेल्या रंगाची खपली काढत राहिली. हिरवी निघाली, खाली निळा दिसला.

"सांगतलं असतं त निघाली असती."

माझ्याजवळ तीन दिवसांचं बोलणं साठलेलं होतं. तळव्याचे फोड होते, रजेचे दिवस होते, एकटीनं घातलेले चाळीस घाव होते. त्यातलं काहीच त्या वाक्याच्या शेजारी ठेवता येईना. तरी मी म्हणाले, "गाडीनं जायचं तूच म्हणाली होतीस."

"जाचं म्हनलं होतं. दरवाजा काढाचा म्हनलं होतं का मी? मले काय माहीत तो काढा लागते." मग काकांकडे वळून, "खांब नका कापू. वरून घासा."

काकांनी ग्राइंडर आणला. वरच्या फुगवट्यातून ठिणग्या निघाल्या. आधी रंगाचे थर गेले, मग पसरवलेलं लोखंड. पाच-सात मिनिटांत तिथं एक स्वच्छ गोल वर्तुळ दिसू लागलं, बिजागरीचं छिद्र आणि त्यात बोल्टाचं टोक. इतकं उघड की मला लाज वाटली. मायनं उठून दरवाजा दोन्ही हातांनी धरला होता.

"वहिनी, हात काढा. वजन येईन."

"येऊ द्या. धरून हाय मी."

काकांनी दुसरा सुंबा वरून लावला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. बोल्ट बोटभर खाली सरकला, पाचव्याला विटेवर पडून मातीत घरंगळला. दरवाजा सुटला, विटांवरून कलला आणि त्याचं वजन मायच्या हातांवर आलं. मी पुढं झाले. आम्ही दोघींनी तो भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीला टेकेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

बोल्ट बाहेरून काळा होता. काकांनी चिंधीनं पुसला तेव्हा मधला भाग चकचकीत निघाला, त्यावर अजून ग्रीस होतं.

"गंज नव्हताच याले," ते म्हणाले. "डिझेल पाजलं, ऑइल पाजलं, आग देल्ली. बिमारीच नव्हती आनि आपन इलाज करून राह्यलो."

दुपारभर काम चाललं. वरच्या बिजागरीच्या पानाला वेल्डिंग झालं. काकांनी सळीतून दोन नव्या पिना कापून घासून आणल्या. दरवाजा चढवायला आम्ही तिघं होतो. माय जेवायलासुद्धा आत गेली नाही. ओसरीच्या पायरीवर ताट घेऊन बसली आणि तिथूनच काकांना सांगत होती की दरवाजा अजून दोन सूत वर पाहिजे. काका म्हणाले, "वहिनी, मिस्त्री मी हावो का तुमी?" ती म्हणाली, "तीन दिस पाह्यलं ना कोन हाय ते."

वरची पिन बसली. खालच्यासाठी काकांनी नवी पिन हातात घेतली आणि थांबले.

"हे कशी टाकू? जशी होती तशी टाकतो, खालून. मी वरून ठोकतो, बाई घन धरन. पुन्हा तीस साल पाहाचं काम नाही."

मला वाटलं माय हो म्हणेल. मीही घनाकडे हात नेला होता. ती पायरीवरून उठून आली, तिनं पिन काकांच्या हातातून घेतली, दोन्ही टोकं पाहिली आणि परत दिली.

"वरून टाका."

"उडन पुन्हा, वहिनी."

"खाली भोक पाडून तार अटकवा. उडली त उडली. पाहत जाऊ." मग तिनं माझ्याकडे मान केली, पण बोलली काकांशीच. "मी काही जन्माले पुरत नाही सांगाले. हिले एकटीले काढता आली पाहिजे."

काकांनी पिन वरून घातली. खाली निघालेल्या टोकाला भोक पाडून त्यातून तार ओवली आणि पक्कडीनं पिळली. मग ती तार त्यांनी पुन्हा सोडली आणि पक्कड माझ्या हातात दिली. मी पिळली. त्यांनी पाहिलं, अर्धा वेढा आणखी दिला आणि हत्यारं गोळा करायला लागले.

दरवाजा लागला. बंद होताना पूर्वीसारखा आवाज आला नाही, थोडा वेगळा आला. मायनं तो दोनदा उघडून लावून पाहिला.

"उद्या किती वाजता निघतो आपन?" तिनं विचारलं.

"सहाला."

"मंग वांगे आताच तोडा लागतीन. सकाळी दहिवरानं ओले राह्यतात, हिवऱ्याले पोचेपर्यंत डाग पडते." तिनं पदर खोचला आणि अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं, मळ्याच्या वाटेकडे. चपला कुठं आहेत हे तिच्या लक्षात नव्हतं. मी त्या आतून आणून दिल्या, खाटेखाली मागं सरकलेल्या होत्या. तिनं त्या घातल्या.

"कॅरेट घे," ती म्हणाली. "दोनच आन आधी. भरले का मी आवाज देतो."